ताटावर धरलेला हात

महागड्या हॉटेलांचे भाव रास्त आहेत की नाहीत, हे ठरवण्याची माझी एक पद्धत आहे. जेवण संपवून, बिल देऊन, दरवानाचा सलाम घेऊन मी बाहेर पडतो आणि जवळच्या वडापावच्या गाडीसमोरून चालत जातो. पाय थबकले नाहीत तर हॉटेल पास. थबकले तर नापास. पुण्यातल्या एका रविवार पुरवणीत मी काही वर्षं याच पद्धतीवर सदर लिहितो आहे. वाचकांना वाटतं, या माणसाला चवीतलं कळतं. मला फक्त माझ्या पायांचं कळतं.

परभणी जिल्ह्यातला हा प्रवास मी केला तो या पायांच्या भरवशावर, आणि तोंडावर आपटलो तोही त्यांच्यामुळेच.

झालं असं, की मार्गशीर्ष संपत आला असताना मामांचा फोन आला. मामा सोनपेठजवळच्या गावात राहतात, शेती करतात आणि फोनवर बोलताना पुण्यापर्यंत आवाज पोचवण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतात.

“भास्करा, तुझी बहीण भज्जी विकायलीय.”

“कितीला?”

“आकडा सांगायला जीभ वळंना.”

“सांगा तरी.”

“साडेआठशे.”

पुण्यात साडेआठशेला भरलं ताट मिळालं, तर मी ‘खिशाला परवडणारं’ असा मथळा देऊन मोकळा होतो. पण ही भज्जी होती.

जे तिकडे गेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. ही तळायची भजी नव्हे. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडे येळवस असते. त्या दिवशी गाव घरात राहत नाही. सगळे शेतात जातात, कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात, तिच्यात पूजा मांडतात आणि मग जेवतात. हरभऱ्याचे, तुरीचे, वालाचे कोवळे दाणे, मेथी, कांद्याची पात, शेंगदाणे, जे जे शेतात असेल ते चिंचेच्या कोळात आणि बेसनात रटरट शिजवलं की त्याची भज्जी होते. सोबत बाजरीचे उकडलेले गोळे, म्हणजे उंडे, गव्हाची खीर आणि दोन दिवस आंबवलेल्या ताकाची, लसणाच्या वासाची आंबील. आणि यातलं काहीही विकत मिळत नाही. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसाला हाक मारून, ओढून आणून खायला घालायचं, अशी रीत आहे.

या कामात माझी मामी तालुक्यात पहिली आली असती. बांधावर उभी राहून ती एसटी थांबवायची. ड्रायव्हर, कंडक्टर आणि ज्यांची इच्छा नाही असे प्रवासीसुद्धा उतरवून जेवायला बसवायची. मामी गेली त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मामांच्या शेतात येळवस झाली नव्हती.

आणि तिची लेक, माझी मामेबहीण नंदा, पुण्यातल्या मोठ्या हॉटेलातली नोकरी सोडून देवगाव फाट्यावर स्वतःचं हॉटेल काढून बसली होती. वातानुकूलित. तिथं हिवाळ्यात ‘येळवस ताट’ मिळत होतं.

“तिची माय रस्त्यावरच्याला बोलवून घालायची,” मामा म्हणाले. “ही त्याच भज्जीला दार लावून बसलीय. म्या न्हाई जायचा तिथं.”

संध्याकाळी नंदाचा फोन. “दादा, आबा उद्घाटनालाबी आले नाहीत. तू ये. तू भल्याभल्या हॉटेलांना नापास करतूस, मला कर. तू म्हणलास भाव जास्त हाय, तर मी भज्जी ताटातून काढून टाकते. रास्त म्हणलास, तर आबा येऊन जेवतील. तसं कबूल केलंय त्यांनी.”

म्हणजे बाप आणि लेक एका टेबलावर जेवणार की नाही, हे माझ्या पायांवर येऊन ठरलं होतं.

देवगाव फाटा

परीक्षकानं ओळख लपवून जावं, हा माझा नियम. म्हणून मी कुलकर्णी या नावानं टेबल राखून ठेवलं, काळा गॉगल लावला आणि क्रिकेटच्या पंचासारखी पांढरी टोपी घातली. संभाजीनगरहून निघालेल्या एसटीनं मला फाट्यावर उतरवलं तेव्हा कंडक्टर म्हणाला, “डोळ्याचं ऑपरेशन झालं का काय, काका? रस्ता जपून ओलांडा.”

फाट्यावर नेहमीचं सगळं होतं. पंक्चरचं दुकान, उसाच्या रसाचं बंद गुऱ्हाळ, आलूबोंड्यांची गाडी. आणि त्यांच्या पलीकडे नंदाचं हॉटेल. आत थंडगार. भिंती शेणामातीच्या रंगाच्या, पण हात लावला तर गुळगुळीत. एका भिंतीवर काचेच्या चौकटीत कडब्याची पेंढी टांगलेली. आमच्या बैलांनी ती पाहिली असती तर काचेला नाक लावून उभे राहिले असते.

मी खुर्चीत बसून गंभीरपणे कडबा न्याहाळत होतो.

“मिस्टर कुलकर्णी?” कुणीतरी विचारलं.

मी कडबा न्याहाळत राहिलो.

“मिस्टर कुलकर्णी?”

हा कुलकर्णी इतका बहिरा कोण आहे, म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून नंदा आली. पांढरा कोट, डोक्याला रुमाल, आणि मामीसारखे कमरेवर हात.

“दादा, ती टोपी काढ. भज्जीत पडंल.”

शेजारच्या टेबलावरचे लोक हसले. नंदा मात्र हसली नाही. “बाकीच्यांना देतो तेच तुला. मी आत आहे,” म्हणाली आणि गेली.

वाढायला श्रीकांत नावाचे गृहस्थ होते. भारदस्त मिश्या, एक हात पाठीशी दुमडलेला, बोलणं असं मऊ की कानात तूप सोडल्यासारखं वाटावं. नंदानं त्यांना पुण्याहून सोबत आणलं होतं. त्यांनी आंबील आणली, ती उंच दांड्याच्या काचेच्या पेल्यात. मला हसू आलं. मग एक घोट घेतला आणि हसू गेलं. तोच लसूण, तोच आंबटपणा, नाकात चढणारा तोच झणका.

मग तांब्याच्या वाटीतून भज्जी आली.

मी पहिला घास घेतला आणि पुढचं थोडा वेळ नीट आठवत नाही. मामी चुलीपुढे बसलेली, आम्ही पोरं कोपीच्या सावलीत मांडी घालून ओळीनं बसलेलो, मागे तूर वाऱ्यानं खुळखुळतेय. चिंच किती घालायची हे मामी कधी सांगू शकली नाही. “भज्जीच सांगती,” म्हणायची. ती भज्जी नंदाशी बोलत होती, यात शंका नव्हती.

वाटी संपली. श्रीकांत अदबीनं झुकले. “आणखी भज्जी, सर?”

आणि माझा हात आपोआप ताटावर आडवा गेला. “बस, बस.”

हे समजावून सांगायला हवं. पुण्याच्या हॉटेलात मी असा हात कधी धरत नाही. तिथं हवं ते मागतो आणि नको ते परत पाठवतो. पण त्या चवीनं मला सोनपेठला नेऊन बसवलं होतं, आणि सोनपेठला पहिल्या वाढीनंतर ताटावर हात धरायचा असतो. हावरट दिसू नये म्हणून. वाढणारी हाताकडे बघतसुद्धा नाही. ती वरून ओतते. भज्जी बोटांवर पडते, बोटांमधून ताटात उतरते, आणि शेवटी बोटं चाटायची, हा जेवणातला सर्वांत चांगला भाग. मामीच्या काळात माझी बोटं सणाच्या दिवशी कधी कोरडी राहिली नाहीत.

श्रीकांत म्हणाले, “शुअर, सर.” आणि पळी घेऊन पुढच्या टेबलाकडे गेले.

मी हात तसाच धरून बसलो. वाटलं, गंमत करतायत, येतील परत. ते परत आले ते खीर घेऊन. मी शहाणा असतो तर शिकलो असतो. मी पुन्हा हात धरला. त्यांनी पुन्हा मान राखला. उंड्यांच्या वेळीही तेच. ताटातलं सगळं पाहिजे तेवढं मिळणार, असं कार्डावर छापलं होतं, आणि मी वाटीभर भज्जी, एक उंडा आणि चार चमचे खीर खाऊन, कोरड्या बोटांनी, साडेआठशे रुपये देऊन उठलो. एकदा बस म्हटल्यावर मागून घेणं? त्यापेक्षा उपाशी राहिलेलं बरं. आमच्याकडे मान अशीच सांभाळतात.

बाहेर आलो. आलूबोंड्यांच्या गाडीसमोरून निघालो. पाय थबकले.

नुसते थबकले नाहीत, वळले. मी दोन आलूबोंडे घेतले. पहिला अख्खा तोंडात घातला, तो आतून निखारा होता. जिभेवर तो फिरवत, डोळ्यांत पाणी आणून उभा असतानाच मागून आवाज आला.

“दादा, तुझा गॉगल राहिला टेबलावर.”

नंदा. ती माझं सदर दर रविवारी वाचते.

तिनं माझ्याकडे पाहिलं, हातातल्या दुसऱ्या आलूबोंड्याकडे पाहिलं. मला बोलायचं होतं, पण तोंडात निखारा. मी मान हलवली, हात हलवले, हूं हूं केलं.

“असू दे,” ती म्हणाली. “आबांना सांग, काढते म्हणावं भज्जी.” गॉगल माझ्या खिशात ठेवून ती आत गेली.

गिळून होईपर्यंत मोठी मंडळी घेऊन दोन गाड्या आल्या आणि ती पार गुंतली. खरं तर गिळल्यावर तरी काय सांगणार होतो? पोट भरलं नव्हतं, हे खरंच होतं. रात्री सेलूच्या लॉजवर मी उशीला विचारलं, रास्त की जास्त? भज्जी मामीची, मग मी उपाशी कसा?

पुलाच्या पलीकडे

दुसऱ्या दिवशी येळवस. सेलूत तिचा मागमूस नव्हता, दुकानं उघडी, शाळेची घंटा होतेय. पाथरीपर्यंत तेच. पण गोदावरीचा पूल ओलांडला आणि देश बदलल्यासारखं झालं. गावं ओस. दारांना कड्या. चिटपाखरू नाही, आणि शेतं मात्र गजबजलेली, जिकडे तिकडे कोपी, धूर, रंगीत लुगडी.

सोनपेठच्या अलीकडे उतरलो. मामांचं शेत तिथून चालत फार नाही. पण त्या दिवशी त्या रस्त्यानं चालत जाणं सोपं नसतं, हे मी विसरलो होतो.

“ओ पाव्हणं, कुठं चाललाव?” पहिल्याच बांधावरून हाक आली.

“मामांच्या शेताला. घाईत हाय.”

“घाईनं जायला काय बैल उधळलेत का? या.”

बसवलंच. एका बाईनं परातीएवढ्या ताटात भज्जी ओतली. मी खाल्ली. ती पुन्हा आली. माझा हात ताटावर गेला. “बस, मावशी, बस.”

मावशीनं हाताकडे बघितलंसुद्धा नाही. गरम भज्जी माझ्या बोटांवर आली, बोटांमधून ओघळली आणि मनगटापर्यंत गेली.

“पुण्याला ऱ्हाता का?” मावशीनं विचारलं.

“कसं ओळखलं?”

“हात लय हळू धरलाव. तिकडं हात धरला की वाढणारी थांबती म्हणं?”

मी बोटं चाटली आणि काल काय झालं ते तिथं, त्या बांधावर, मला कळलं. कळल्याच्या आनंदात मी पुन्हा हात धरला, आणि मावशीनं पुन्हा ओतलं. पुढच्या शेतातही तेच. तिसऱ्या शेतात तर मी पळत निघालो होतो, तर एका म्हाताऱ्यानं माझी पिशवीच काढून घेतली, जेवल्यावर देतो म्हणाला. मामांच्या बांधावर पोचलो तेव्हा वाकता येत नव्हतं.

मामांचं शेत

मामा एकटे होते. कडब्याची एक कोप उभी केली होती, ती डावीकडे झुकलेली. समोर तीन दगडांच्या चुलीवर पातेलं.

“दोन साल न्हाई केली,” मामा म्हणाले. “औंदा म्हणलं तू यायलास. पाव्हण्याला येळवशीच्या दिवशी रिकाम्या शेतात कसं बसवावं? म्याच केली.”

पोटात जागा नव्हती. पण मामांनी स्वतः रांधलेलं नको म्हणायला जीभ रेटत नाही. मी बसलो. घास घेतला. भज्जी खाली लागली होती, चिंच इतकी की दात शिवशिवले, आणि मीठ बहुधा दोनदा पडलं होतं.

मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. “तू पेपरात लिहितूस. खरं सांग. कशी झाली?”

“लागलीय, मामा. खारटबी हाय.”

“मला काय नाक न्हाई?” ते म्हणाले. “म्हणून तर सकाळपून रस्त्यावरच्या कुणाला हाक मारली न्हाई. असली कुणाला घालू?”

वारा आला आणि कोप आणखी डावीकडे झुकली. मामांनी तिला खांद्यानं टेकू दिला आणि तसंच उभं राहून विचारलं, “नंदीची कशी हाय?”

“मामीची हाय.”

कोपीच्या कडब्यात राहिलेल्या कणसातले चार दाणे काढून मामांनी तळहातावर घोळवले, फुंकर मारली, आणि खाल्ले नाहीत. दाणे तसेच मुठीत.

“सगळी?” त्यांनी विचारलं.

“सगळी. लसणासकट.”

“मंग रास्त हाय म्हण की.”

“तेच तर म्हणता येईना.” आणि मी त्यांना सगळं सांगितलं. कुलकर्णी, टोपी, काचेतला कडबा, आणि ताटावरचा हात.

“हात धरलास अन् त्यो थांबला?”

“थांबला.”

“पुन्हा आलाच न्हाई?”

“आला. खीर घेऊन.”

“मंग?”

“पुन्हा हात धरला.”

मामा कोप सोडून खाली बसले. आधी वाटलं खोकला आला. ते हसत होते. कोप पडली, तरी हसत होते. डोळ्याला धोतराचा सोगा लावला, तो जरा जास्तच वेळ लावून ठेवला.

“म्हंजे साडेआठशे देऊन उपाशी उठलास. आन् पोरीला वाटायलंय, भज्जी चुकली.”

“व्हय. काढून टाकते म्हणाली.”

“काढती कशी?” मामा एकदम उठले. “मायची भज्जी हाय ती. ऊठ.”

“मामा, मी अजून माझं मत दिलं नाही.”

“तुझ्या मताची वाट बघत बसलो तर पुढची येळवस येईल.”

शेजारच्या शेतातला एकजण सेलूला पिकअप घेऊन निघाला होता. त्यानं आम्हाला फाट्यापर्यंत सोडायचं कबूल केलं, अर्थात आधी त्याच्या कोपीत बसून आंबील प्यायच्या अटीवर. मी हात धरला. कुणी बघितलं नाही.

पुन्हा फाटा

दिवेलागणीला पोचलो. निम्मी टेबलं भरलेली. मामांनी चपला दाराबाहेर काढल्या, काचेतल्या कडब्यासमोर उभं राहून “औंदाचा न्हाई ह्यो” असं मत दिलं आणि खुर्चीवर मांडी घालून बसले. नंदा आत होती, तिला पत्ता नव्हता.

श्रीकांत आले. मला ओळखून ते जरा दचकले, पण हात पाठीशी दुमडलेलाच राहिला. ताट आलं, भज्जी अजून काढली नव्हती.

मामांनी पहिला घास घेतला. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं, कडब्याकडे बघितलं. त्यांचा चमच्याला कधीच लळा नव्हता, ते बोटांनी खात होते, अगदी सावकाश. शेजारच्या टेबलावरचं बोलणं संपलं, बिल आलं, लोक उठून गेले, आणि मामांची वाटी तेव्हा कुठं रिकामी झाली.

“आणखी भज्जी, सर?”

मामांनी हात ताटावर आडवा धरला. “बस.”

श्रीकांत थांबले. पळी मागे घेतली. पण हात हलला नाही. त्यांनी मामांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी टोपीची शिवण तपासत होतो.

“सर, नको ना?”

“नगं,” मामा म्हणाले, आणि हात तसाच.

श्रीकांत बिचारे पळी हातात धरून उभे राहिले. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं गिऱ्हाईक त्यांना भेटलं नसावं. ते विचारायला आत गेले, दार उघडलं आणि नंदा बाहेर आली. समोर बापाला बघून ती दारातच उभी राहिली.

मामांनी वर पाहिलं नाही. ते आपल्या हाताकडे बघत होते.

नंदा आली. मागोमाग आलेल्या श्रीकांतांच्या हातून तिनं पातेलं आणि पळी घेतली.

“आबा, हात काढा.”

“बस म्हणलं ना.”

“आबा, भाजंल.”

“बस.”

तिनं पळी भरली आणि वरून ओतली. मामांच्या म्हाताऱ्या, काळ्या, रेघारेघांच्या बोटांवरून भज्जी ताटात उतरली. त्यांनी हात काढला नाही. तिनं दुसरी पळी ओतली. मग तिसरी. पातेल्यात पळी आपटण्याचा आवाज जरा जास्तच यायला लागला होता.

“श्रीकांत,” शेवटी नंदा म्हणाली, आवाज नीट करून, “बघून घ्या.”

मामांनी बोटं चाटली. एकेक करून. मग टेबलावरचं कार्ड डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. “साडेआठशे?”

“व्हय, आबा.”

“ऱ्हाऊ दे तेवढंच.” कार्ड खाली ठेवलं. “पण मायनं हात धरल्यावर कधी सोडलंय का कुणाला? फुकटात बी सोडलं न्हाई. ह्यांनी तर पैसे मोजलेत.”

नंदानं त्यांच्या समोरची खुर्ची ओढली आणि स्वतःसाठी ताट मागवलं. मला कुणी विचारलं नाही, आणि माझं मत तर त्या दिवसापासून आजपर्यंत कुणी मागितलेलं नाही. तरी सदराची शिस्त म्हणून नोंदवतो. मी एकटाच बाहेर पडलो आणि आलूबोंड्यांच्या गाडीसमोरून चालत गेलो. पाय थबकले नाहीत.

गाडीवाल्यानं कालचं गिऱ्हाईक ओळखून हाक मारली. “काका, गरम हायत.”

मी चालता चालता हात आडवा केला. “बस, बस.”

त्यानं हाताकडे बघितलंसुद्धा नाही. दोन आलूबोंडे कागदात बांधून माझ्या खिशात, गॉगलशेजारी कोंबले. तोही पुलाच्या पलीकडचाच निघाला.